शाळा खाते

मुख्याध्यापकांच्या खोलीत संस्थेच्या संस्थापकांचे फोटो ओळीनं लावलेले आहेत. त्यात आप्पा नाहीत. कार्यकारिणीच्या यादीत नाहीत, कोनशिलेवर नाहीत, कुठल्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेवरही नाहीत. आत्ता शिकणाऱ्या पोरांना विचारलं तर मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, कोपऱ्यावरचं कुलूप लागलेलं आडत दुकान दाखवतील, तेवढीच त्यांची ओळख. मागच्या पोळ्याच्या आसपास आप्पा गेले. नव्वदी ओलांडलेली होती, म्हणून फार कुणी हळहळलं नाही. स्मरणिकेत त्यांच्यावर काहीतरी यावं असं ठरलं आणि काम माझ्याकडं आलं. मी त्यांच्या दुकानातल्या हमालाचा मुलगा, आणि त्यांच्या वहीतला देणेकरीही. दोन्ही बाजूंनी पाहिलेला माणूस म्हणून लिहितो. कौतुकच वाचायचं असेल त्यांनी पुढच्या पानावर जावं.

आप्पांचा जन्म निजामाच्या राज्यातला. शिक्षण चौथीपर्यंत, तेही उर्दूतून. हिशेबाची मोडी मुनीमजींच्या हाताखाली शिकलेले. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं. आपला तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता, मग उस्मानाबादेत गेला, १९८२ पासून लातुरात आहे. "गाव हाय तिथंच हाय, कचेरी फिरलाली," असं ते म्हणायचे. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी, जुन्या कागदांना उर्दू, अशा तिन्ही भाषा ते वापरत. शिव्या मात्र मराठीतूनच द्यायचे.

शाळा त्यांनी काढली नाही, हे आधी नीट सांगायला हवं. काढली ती चार शिक्षकांनी, बहात्तरच्या दुष्काळातून गाव जरा सावरल्यावर. जागा नव्हती. आप्पांनी दुकानामागचं गोदाम दिलं, तेही हंगाम संपल्यावर रिकामं होतं म्हणून. पहिल्या तुकड्यांतले लोक सांगतात, वर्गात करडईचा आणि बारदानाचा वास भरलेला असायचा आणि फळा पोत्यांच्या थप्पीला टेकवलेला असायचा. तूर यायला लागली की आठवीचा वर्ग बाहेर लिंबाखाली. पाऊस आला तर सुट्टी. तुरीचा भाव चढला तर आणखी सुट्टी, कारण मग आप्पा माल धरून ठेवत आणि गोदाम लवकर मोकळं होत नसे. मोंढ्यातले भाव वर्गात पाठ असणारी आपली एकच शाळा असेल.

अनुदान यायला वर्षं गेली. तोवर शिक्षकांना पगार कुठून? आप्पांच्या दुकानातून ज्वारी जायची, नावावर मांडून. पगार सुरू झाल्यावर ती फेडली गेली. काहींनी फेडली नाही. त्यांची नावं आप्पांनी कधी सांगितली नाहीत, पण त्यांच्यापैकी कुणी दुकानासमोरून गेलं की गल्ल्यावरून "गुरुजी, चहा घेऊन जा की!" अशी हाक हमखास यायची. ही हाक प्रेमाची की वसुलीची, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

आता पोत्यांकडं येतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे. सौदा निघाला, माल तोलला, की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडायची. वर वजन आणि भाव, खाली वजाबाकी. आडत म्हणजे दुकानदाराचं कमिशन, हमाली, तोलाई, घेतली असेल तर उचल आणि शेवटी धर्मादाय. पोत्यामागं काही पैसे. शेतकऱ्याला विचारून कुणी ते कापत नसे. आपल्याकडच्या मोंढ्याच्या गावांत जुन्या धर्मशाळा, गोशाळा, पाणपोया अशाच पैशांतून उभ्या राहिल्या आणि दगडावर नावं लागली ती व्यापाऱ्यांची. १९६३ चा बाजार समिती कायदा आला, नियमात नसलेली कपात करायची सोय राहिली नाही, तरी धर्मादाय या ना त्या नावानं बरीच वर्षं चालू राहिला. आपल्या शाळेच्या पहिल्या चार खोल्या त्याच पैशांच्या आहेत. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "शाळा आप्पानं नाही बांधली. पोत्यानं बांधली. अन् पोतं उचललं कुणी?"

गंमत अशी की आप्पांचंही म्हणणं तेच होतं. इमारतीच्या उद्घाटनाला कोनशिलेवर त्यांचं नाव घालायचं ठरलं तेव्हा ते अडून बसले. "पैसा पोत्याचा हाय, माझं नाव कशाला कोरलालाव?" समितीतले लोक म्हणाले, आप्पांचा विनय. विनय कसला, सरळ हिशेब होता. दुसऱ्याच्या रकमेवर आपलं नाव लावायचं नाही, एवढाच. मग कोनशिलेवर कुणाचंच दात्याचं नाव आलं नाही. शेतकऱ्यांचं आणि हमालांचंही नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

पुढं बाजार समितीनं धर्मादाय सक्तीनं बंद केला. मोंढ्यातल्या बऱ्याच जणांचं दातृत्व त्याच हंगामात आटलं. मी तेव्हा नववीत. सुट्टीत आप्पांच्या दुकानात पट्ट्या लिहायला बसायचो, रोजावर. अक्षर बरं म्हणून मुनीमजींनी एकदा खतावणीत नोंदी उतरवायला दिल्या. लाल कापडी बांधणीच्या त्या जाड वहीत 'शाळा खाते' म्हणून एक पान होतं. धर्मादाय बंद झाल्यानंतरही त्या पानावर महिन्याच्या महिन्याला रक्कम पडतच होती, पूर्वी पडायची तेवढीच. समोर लिहिलेलं, 'दुकान खर्च'. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. आज मी सहकार खात्यात लेखापरीक्षक आहे, अशी नोंद दिसली तर शेरा मारीन. पण ते पान जुळवून बघितलं तर आप्पांचा उदारपणा तिथून सुरू होतो, त्याच्या आधीचा नाही. त्याआधी लोकांचं लोकांना दिलं. तिथून पुढं स्वतःचं.

घरात लिंगायत रीत होती. बसवेश्वरांचं कल्याण, म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्यापासून लांब नाही, आणि कायक आणि दासोह हे आप्पांच्या तोंडी असायचं. कष्ट करून मिळवा, उरेल ते समाजाला द्या. अक्षय तृतीयेला, बसव जयंतीला, ते शाळा खात्याचं पान बंद करून नवं सुरू करायचे. कायक हमालाचंही असतं ना, असं दादा त्यांना विचारायचे. मग दोघांचं वाजायचं.

हमालीबद्दल आता लिहितो. शाळेला हजारांनी देणारा हा माणूस हमालीत पाच पैसे वाढवायला तयार नसायचा. तेव्हाचं पोतं शंभर किलोचं. आत हूक घालून ते पाठीवर घ्यायचं आणि थप्पीवर सहा पोत्यांच्या उंचीपर्यंत चढवायचं. दादांच्या मानेच्या मागं घट्टा पडला होता. ते बसले तरी पाठ सरळ व्हायची नाही. माथाडी हमालांसाठी कायदा १९६९ सालचा, पण आपल्या मोंढ्यात तो कळायला आणि कळल्यावर वळायला फार वेळ गेला. मी दहावीत असताना ऐन तुरीच्या हंगामात हमालांनी काम बंद केलं. दादा पुढं होते. मोंढा ओस पडला, रस्त्यावर गाड्यांची रांग लागली आणि शेतकरी दोघांनाही शिव्या देत होते.

त्याच आठवड्यात बोर्डाचे फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. फी न भरलेल्या मुलांची यादी दरवर्षीप्रमाणं सरांनी आप्पांकडं पाठवली. त्यात माझं नाव. आप्पांनी सगळ्यांचे पैसे भरले. दादांना संध्याकाळी कळलं. ते तसेच दुकानात गेले, मीही मागं. "मेहरबानी नको," म्हणाले. आप्पा गल्ल्यावर एकटेच होते, पंचांग चाळत. ते म्हणाले, "तुझ्या नावावर मांडलं नाही. पोराच्या नावावर मांडलंय. त्याच्याकडून घेईन. तू तुझा संप कर." दादा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोंढ्याच्या दारात जाऊन बसले. संप मिटला तो मागितल्यापेक्षा कमी वाढीवर. आप्पांनी शेवटपर्यंत ताणलं, हे दादांनी कधी विसरू दिलं नाही, मीही विसरलेलो नाही.

मुलांची अशी वेगळी खतावणी त्यांच्याकडं होती. वह्या, परीक्षा फी, खोलीचं भाडं, कधी चप्पल. फुकट काही नाही. मुलानं स्वतः सही करायची, बापाची चालायची नाही. व्याज नाही, तगादा नाही, मुदत नाही. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी गेलो. तीनशे चाळीस रुपये निघाले. त्यांनी चष्मा लावून नोटा मोजल्या, जमा केले, पावती लिहून दिली आणि म्हणाले, "आडत लावली नाही बघ."

त्या दिवशी मी हिंमत करून बोललो. म्हटलं, आप्पा, हमाली वेळेवर वाढवली असती तर या वहीतल्या निम्म्या पोरांना ही वही लागलीच नसती. ते चिडले नाहीत. वही मिटली आणि विचारलं, "अन् उरलेल्या निम्म्यांचं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यांच्याकडंही पहिल्या निम्म्यांचं नव्हतं. चहा आला, आम्ही प्यालो.

किल्लारीच्या भूकंपाचं लिहिल्याशिवाय मात्र हे पुरं होणार नाही. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटे चार वाजायला आले होते. आपल्याकडं भांडी वाजली, भिंतींना चिरा गेल्या. औसा, उमरग्याकडं गावंच्या गावं मातीच्या आणि दगडाच्या ढिगात गेली, जवळजवळ दहा हजार माणसं. उजाडल्यावर गावात जो तो भाकरी आणि कपडे गोळा करायला लागला. आप्पांनी गोदाम उघडलं आणि ताडपत्र्या काढल्या. हंगाम तोंडावर होता, धान्याच्या राशींवर टाकायच्या सगळ्या ताडपत्र्या. दोर, सब्बल, पहारी, रॉकेलचे डबे. आणि ट्रकमध्ये हमाल, दादांसकट. "ढिगाखालून माणूस काढायला उचलायची सवय असलेला गडी लागतो. भाकरी नंतर पोचतील," असं म्हणाले. पाऊस आला तेव्हा तिथं सगळ्यात आधी कशाची गरज पडली असेल तर त्या ताडपत्र्यांची. आपली अकरावी-बारावीची पोरंही त्या ट्रकबरोबर गेली होती. ती सगळी आज पन्नाशीची झाली आहेत, त्यांनी यावर स्वतंत्र लिहावं. दादा परत आले ते बरेच दिवस जेवताना बोलत नव्हते. त्या दिवसांची हमाली आप्पांनी पूर्ण रोजानं दिली, आणि दादांनी ती घेतली. दोघांपैकी कुणालाही त्यात अवघड वाटलं नाही.

पुढचं भराभर सांगतो. मुगा-उडदाच्या आणि ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, पोतं पन्नास किलोवर आलं, मुलांनी धंदा लातूरला नेला. आप्पा सकाळी दुकान उघडून नुसते बसायचे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात शाळेला टँकर त्यांनी दिला. अट एकच घातली. मुलांच्या हात धुण्याचं पाणी लिंबांना गेलं पाहिजे. रोज शिपायाला फोन करून विचारायचे, "गेलं का?" ते लिंब जगले.

बहात्तरच्या दुष्काळात कुणी किती ज्वारी दडवली, याच्या गोष्टी मोंढ्यात अजून निघतात. त्यात आप्पांचं नाव घेणारे आहेत आणि शपथेवर नाही म्हणणारेही आहेत. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, म्हणून त्यात पडत नाही.

त्यांच्या मुलांनी दुकान विकायला काढलं आहे. आतल्या वह्या त्यांनी शाळेच्या ग्रंथालयाला दिल्या. तीन कपाटं भरतील एवढ्या आहेत, खालच्या काहींना वाळवी लागली आहे. साठच्या दशकापर्यंतच्या मोडीत आहेत आणि ग्रंथपाल मॅडमना मोडी येत नाही, मलाही नाही. मुलांची खतावणीही त्यातच आहे. ती सगळ्यांना बघायला ठेवायची की नाही, यावर समितीत वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर ठेवू नये. ज्याला स्वतःचं पान बघायचं असेल त्यानं येऊन बघावं, आणि बाकी निघत असेल तर ती शाळा खात्यावर भरावी. माजी विद्यार्थ्यांपैकी कुणाला मोडी वाचता येत असेल तर दिवाळीच्या सुट्टीत ग्रंथालयात यावं. कपाटाची एक किल्ली माझ्याकडं आहे.