राज्य नाट्य स्पर्धा: अर्जापासून तिसऱ्या घंटेपर्यंत

परळला एका दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीवर काम करते. गेली कित्येक वर्षं नोव्हेंबर-डिसेंबर आला की संध्याकाळी सुटल्यावर मी चर्नी रोडला उतरायचे आणि केळेवाडीतल्या साहित्य संघ मंदिरात जाऊन बसायचे. राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी तिथे काही आठवडे चालते. रोज सातला एक नाटक, रोज नवं मंडळ. कुणी बँकेतलं, कुणी वसाहतीतलं, कुणी चाळीतलं. तिकीट नाममात्र. १९५४ पासून चालत आलेली ही स्पर्धा मी प्रेक्षक म्हणून मनापासून पाहिली. मग एका वर्षी आमच्या लालबागच्या मंडळाने ठरवलं की यंदा आपणही उतरायचं, आणि निर्मितीची सगळी जबाबदारी माझ्याकडे आली.

पहिल्यांदा उतरणाऱ्यांना मला एकच सांगायचं आहे: तालमीच्या आधी कागद. आमच्याकडे उलटं झालं. भर पावसाळ्यात महापालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये आम्ही उत्साहाने वाचनं सुरू केली, आणि सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे अर्ज करायची मुदत जवळ आली तेव्हा लक्षात आलं की संहिता अजून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे गेलेलीच नाही. त्या मंडळाचं प्रमाणपत्र नसेल तर प्रयोग करता येत नाही. नाटक आमच्याच मंडळातल्या मुलाने लिहिलेलं, नवंकोरं, म्हणजे प्रमाणपत्र आधीपासून असण्याचा प्रश्नच नव्हता. दोन रात्री जागून आम्ही स्वच्छ प्रत टाइप केली. लेखकाचं संमतीपत्रही घ्यावं लागलं. तो आमच्यातलाच, रोज चहा एकत्र घेणारा, तरी त्याचं लेखी पत्र हवंच, आणि ते हवंच हे मला पटतं. लिहिणाऱ्याचा हक्क मैत्रीवर सोडू नये.

प्रमाणपत्र आलं तेव्हा मी ते देव्हाऱ्यात ठेवलं. पुढे दिग्दर्शकाला नाटकाचं नाव बदलावंसं वाटलं. चांगलं सुचलंही होतं. पण प्रमाणपत्रावर जुनं नाव, अर्जावर जुनं नाव. ते तसंच ठेवलं. नाव नक्की झाल्याशिवाय संहिता पाठवू नका.

तालमी रात्री आठ ते अकरा. अकराच्या पुढे थांबता येत नसे, बदलापूरहून येणाऱ्या मुलीची गाडी चुकली असती. ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, त्याच हॉलमध्ये बाकांवर नटराजाची तसबीर मांडून पूजा केली. १८४३ साली याच दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिला खेळ केला. आमच्या शेजारच्या काकांनी ते सगळं मुलांना सांगितलं. काका गिरणीत होते आणि दामोदर हॉलच्या रंगमंचावर कामगारांच्या नाटकांचं नेपथ्य करत उमेदीची वर्षं घालवलेली. आमचं नेपथ्यही त्यांनीच केलं: चाळीतली दहा बाय बाराची खोली, बाहेर गॅलरीचा कठडा, आणि एक दार. आमच्या नाटकातली आई पुनर्विकासासाठी खोली सोडायला तयार नसते. शेवटी ती स्वतःच दाराची कडी काढून बाहेर पडते. नाटकाचा सगळा भार त्या कडीवर.

प्रयोगाच्या दिवशी पहाटे टेम्पो निघाला. केळेवाडीची गल्ली अरुंद. दुकानं उघडायच्या आत माल उतरवायचा, हे काकांनी बजावलेलं. आदल्या रात्रीच्या मंडळाचं सामान निघालं की रंगमंच तुमचा. त्यात नेपथ्य उभं करायचं, दिवे लावायचे, प्रत्येक जागेवर प्रकाश पडतो का ते पाहायचं, ध्वनी तपासायचा, एक धावती तालीम घ्यायची, आणि पावणेसातला सगळे रंगभूषा करून तयार हवेत. म्हणून नेपथ्य डोळ्यांना कितीही सुंदर दिसलं तरी ते किती तासांत उभं राहतं हे आधी शाळेच्या हॉलमध्ये घड्याळ लावून मोजा. आम्ही मोजलं होतं. साडेतीन तास. तिथे पाच लागले.

संध्याकाळी साडेपाचला दार अडकलं. हॉलच्या फरशीवर व्यवस्थित उघडणारं दार रंगमंचाच्या फळ्यांवर चौकटीत अडत होतं. चौकट एका बाजूने बोटभर खाली बसली होती, त्यामुळे वरचा कोपरा घासायचा. कडी निघायची, पण दार जागचं हलायचं नाही. काकांचा हात थरथरत होता. वय झालंय त्यांचं. रंधा मारून कोपरा तासावा तर नुकताच दिलेला रंग निघणार आणि आतलं पांढरं प्लाय दिव्यात लख्ख दिसणार. आई झालेली आमची बाई अर्धी रंगभूषा करून विंगेत उभी राहून ते बघत होती, एक शब्द न बोलता.

दुसऱ्या दिवशी ज्यांचा प्रयोग होता त्या मंडळाचा नेपथ्यवाला मापं घ्यायला आला होता. टेप गुंडाळत तो जवळ आला, चौकटीला खालून हात लावून पाहिला आणि म्हणाला, "काका, दाराला हात नका लावू. चौकट उचला." खिशातून त्याने लाकडाची पाचर काढली, काकांच्या हातात दिली, आणि स्वतः चौकट पेलून धरली. काकांनी हातोडीने पाचर हळूहळू आत सारली. तीन ठोके. दार एका बोटाने उघडलं. परीक्षक तेच तिघे, आज आम्हाला गुण देणार, उद्या त्याला. माझ्या मनात ते आलं होतं. त्याच्या मनात आलं असावं असं त्याच्याकडे बघून वाटलं नाही. तो परत टेप उलगडून रंगमंचाची खोली मोजायला लागला.

नारळ वाढवला. पहिली घंटा, दुसरी घंटा. तिसऱ्या घंटेच्या वेळी मी डाव्या विंगेत प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकातल्या वस्तूंच्या टेबलाशी होते, पितळेचा तांब्या हातात धरून. पहिल्या अंकाबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, मी वस्तू देत-घेत होते. शेवटी मात्र सगळं ठेवून पाहिलं. बाईने कडीवर हात ठेवला आणि तालमीत कधीच थांबली नव्हती तेवढी थांबली. प्रेक्षागृहात कुणी खोकललंही नाही. कडी निघाल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असणार. मग दार उघडलं, ती बाहेर गेली, आणि अंधार.

निकालात नाटकाला क्रमांक मिळाला नाही. अंतिम फेरीचं दार आमच्यासाठी उघडलं नाही आणि त्याचं दुःख झालं, खोटं कशाला बोलू. आमच्या बाईला अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. दुसऱ्या अंकाची मधली वीस मिनिटं सैल होती, ते प्रयोगानंतर संघाबाहेर उभ्या असलेल्या एका आजोबांनी तोंडावर सांगितलं. त्यांचं बरोबर होतं. ते पावसाळ्यातच कळायला हवं होतं, कागदांच्या धावपळीत लेखनावर दुसरा हात फिरवायचा राहून गेला.

आमच्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी कामावरून सुटून मी पुन्हा चर्नी रोडला उतरले. पाचर पर्समध्ये होती. सात वाजायला दहा मिनिटं असताना विंगेत जाऊन त्या नेपथ्यवाल्याला ती परत केली. त्याच्या कानावर पेन्सिल, हातात खिळे. "जरा हे धरा ताई," म्हणून त्याने नेपथ्याच्या एका फ्लॅटची, म्हणजे रंगवलेल्या उभ्या भिंतीची, कड माझ्या हातात दिली आणि पाचर त्याच फ्लॅटखाली ठोकली. पहिली घंटा झाली तेव्हा मी अजून ती कड धरूनच उभी होते.