षड्ज कुठे आहे, हे यंत्राला कोण सांगणार?

सांगलीला फोन लावला की आत्या, काकू, शेजारच्या वहिनी, सगळ्यांचा प्रश्न एकच: तू तिकडे नक्की शिकतेस काय? गाणं की इंजिनिअरिंग? वालचंदला इलेक्ट्रॉनिक्स केलं, संध्याकाळी क्लासला जाऊन गांधर्वच्या परीक्षा दिल्या, आणि आता बार्सिलोनात ध्वनी आणि संगीत संगणन या विषयात मास्टर्स. फोनवर एवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही, म्हणून आज जरा ऐसपैस लिहिते.

आमचं विद्यापीठ पोंपेउ फाब्रा यांच्या नावाचं आहे. हे गृहस्थ शिक्षणाने इंजिनिअर. काही वर्षं रसायनशास्त्र शिकवत होते. पण इथली माणसं त्यांना ओळखतात ती कातालान भाषेला प्रमाण व्याकरण देणारे म्हणून. १९१८ मध्ये त्यांचं व्याकरण आलं, १९३२ मध्ये शब्दकोश. एका इंजिनिअरने भाषेचं एवढं मोठं काम केलं याचं इथे कुणाला नवल वाटत नाही, आणि मला या जागेचं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ते हेच. आमचा कॅम्पस पोब्लेनोउ भागात, जुन्या कापडगिरणीच्या आवारात आहे. विटांच्या इमारती तशाच ठेवून आत प्रयोगशाळा केल्यात. संगीत तंत्रज्ञानाचा गट इथे १९९४ पासून काम करतोय. एका खोलीत सिग्नल प्रोसेसिंगवाला, त्याच्या शेजारी ऊद हे तंतुवाद्य वाजवणारा तुर्की मुलगा, पलीकडे संगीतशिक्षणावर काम करणारी मुलगी. वादकाला इथे फक्त नमुना द्यायला बोलवत नाहीत. प्रश्न ठरवायलाही तो बसतो.

याच गटात २०११ ते २०१७ या काळात झावियेर सेरा यांच्या नेतृत्वाखाली 'कॉम्पम्युझिक' नावाचा मोठा प्रकल्प झाला. पैसा युरोपीय संशोधन परिषदेचा, आणि विषय पाच संगीतपरंपरा: हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की मकाम, अरब-अंदालुसी आणि चिनी ऑपेरा. मद्रास आयआयटीही त्यात होती. प्रकल्पामागचा विचार साधा पण महत्त्वाचा होता. संगीत ओळखणारी बहुतेक सॉफ्टवेअर पाश्चात्त्य संगीत समोर ठेवून लिहिली गेली आहेत. त्यांना ख्याल ऐकवला तर ती काहीतरी उत्तर देतात, पण ते उत्तर आपल्या गाण्याबद्दलचं नसतं.

उदाहरणच सांगते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात 'ए' हा स्वर साधारणपणे ४४० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांना, बांधलेला असतो. आपला सा, म्हणजे षड्ज, असा बांधलेला नाही. कुणी पेटीच्या काळी एक पट्टीचा सा धरून गातं, कुणी पांढरी चारचा, आणि तोच गायक वय झालं की अर्धा स्वर खाली उतरतो. मैफलीला बसलेल्या माणसाला दुसऱ्या मिनिटाला सा कळतो. यंत्राला मात्र नुसत्या कंपनसंख्या दिसतात. त्यातला सा कुठला हे कळल्याशिवाय रे कुठला, ग कुठला काहीच सांगता येत नाही. म्हणजे राग ओळखणं तर सोडाच, सरगमसुद्धा लिहिता येत नाही.

यावर २०१२ च्या सुमारास इथल्या संशोधकांनी जो मार्ग काढला तो वाचून मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. गाण्यातली मुख्य सुरावट शोधणाऱ्या पद्धतींना तंबोरा म्हणजे अडचण. गळ्याच्या आड येणारा सतत चालू आवाज. या मंडळींनी उलट तंबोऱ्यालाच विचारलं. गायक येतो-जातो, वरखाली फिरतो, पण तंबोरा पहिल्यापासून शेवटपर्यंत असतो. मग एकाच वेळी ऐकू येणाऱ्या सगळ्या स्वरांची मोजदाद ठेवायची, सर्वांत जास्त वेळ टिकलेले स्वर निवडायचे, आणि त्यांच्यातली अंतरं पाहून सा कुठला ते ठरवायचं. पहिली तार पंचमाला लावली आहे की मध्यमाला, हेही त्या अंतरांवरूनच उलगडतं. माझ्या पडद्यावर एका जुन्या ख्यालाचा आलेख पहिल्यांदा उघडला तेव्हा वर आलापीच्या वळणावळणाच्या रेषा होत्या आणि खाली, अगदी तळाशी, सरळ आडव्या पट्ट्या. जराही न हलणाऱ्या. त्या पट्ट्या म्हणजे तंबोरा.

आता हा तंबोरा बहुतेक वेळा कुठला असतो हे सांगलीकरांना सांगायला नको. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एकोणिसाव्या शतकात शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, वाद्यं करायला सुरुवात केली. फरीदसाहेबांपासून पिढ्यान् पिढ्या ते काम चालू आहे. पंढरपूर भागातला भोपळा, लाकडाची दांडी आणि तबली, वर खुंट्या, खाली मणी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बातमी वाचून आनंद झाला, पण मानांकन म्हणजे अभ्यास नव्हे. तो अजून व्हायचाच आहे.

सुट्टीत गेले होते तेव्हा तिथल्या एका दुकानात बराच वेळ बसून जवारी काढताना पाहिली, म्हणजे आवाज खुलावा म्हणून तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून जुळवताना. घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण तो अगदी किंचित उतरता असतो. कारागिराने कानस एकदा, फार तर दोनदा फिरवली, तार चढवली, छेडली, मान हलवली, पुन्हा उतरवली. मग तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवला. नखभरही नाही, त्याहून कमी. आणि तोवर बसका, मुका वाटणारा आवाज एकदम उघडला. त्यात वरचा गंधार स्पष्ट ऐकू यायला लागला, जो कुणी वाजवत नव्हतं.

याचं भौतिकशास्त्र सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये मांडलं होतं. तारेला जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वराचा) स्थिर बिंदू असेल तो उपस्वर उमटू नये, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम आहे. तंबोरा आणि वीणा तो नियम पाळत नाहीत, असं रामन यांनी दाखवलं. कारण तार घोडीच्या एका धारेवर टेकत नाही, तर रुंद पृष्ठभागाला चाटत कंप पावते. दोऱ्याने नेमकं हे चाटणं जुळवलं जातं. आज ते संगणकावर उतरवायचं तर तार आणि घोडी प्रत्येक क्षणी कुठे टेकतात, कुठे सुटतात याचं गणित करावं लागतं, आणि ते चांगलंच अवघड आहे. मिरजेचा कारागीर ते कानाने आणि बोटांनी करतो. त्याला संशोधक म्हणायला आपण का बिचकतो हे मला खरंच कळत नाही.

आणि हे मोजायचं वेड आपल्याकडे नवं नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांना सोबत घेतलं. खाँसाहेबांचे स्वर तारेवर मिळवायचे, तारेची लांबी मोजायची आणि त्यावरून कंपनसंख्या काढायची, असे प्रयोग केले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरस्थानांवर, इंग्रजीत पुस्तक छापलं. तेव्हा साताऱ्याला जिल्हा न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमेंट्स या कामाने इतके भारावले की त्यांनी स्वतः अभ्यास करून १९१३ मध्ये भारतीय संगीतावर ग्रंथ लिहिला आणि श्रुती हार्मोनियम करवून घेतली. १९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे या श्रुतींवरून कडाडून वाद झाला. संगीतशास्त्राचे अभ्यासक भातखंडे यांना ती गणितं पटली नाहीत. पुढच्या काळातल्या मोजमापांतही दिसलं की गायक ठरावीक बावीस जागांवर बसत नाही, तोच गंधार एकाच रागात थोडा वरखाली होतो. देवलांचा निष्कर्ष टिकला नाही हे मान्य. पण गाणाऱ्याला समोर बसवून, त्याला विचारत, मोजत जायचं ही त्यांची रीत आजच्या आमच्या प्रयोगशाळेत जशीच्या तशी आहे. शंभर वर्षांपूर्वी सांगली-साताऱ्यात हे होत होतं! शाळेत आम्हाला देवलांचं नाव कुणी सांगितलं नाही, याचं वाईट वाटतं.

शिक्षणाचं म्हणाल तर इथे मला सर्वांत जास्त आशा आणि सर्वांत जास्त काळजी दोन्ही वाटतात. शिकणाऱ्याने गावं आणि फोनने सांगावं की तुझा निषाद वीस सेंटनी उतरलाय, इतपत आता जमतं. (सप्तकाचे बाराशे सेंट, म्हणजे वीस सेंट किती बारीक ते पाहा.) याच गटातून पीएचडी करून गेलेल्यांनी 'रियाज' हे अॅप काढलं. जत, आटपाडीच्या मुलीला गुरू मिळेपर्यंत निदान सुराची सोबत मिळाली तर ती मला हवीच आहे. पण भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर. नुसती स्वरांची मोजदाद केली तर यंत्राला दोन्ही सारखेच भासतात. भूप गंधाराभोवती फिरतो, देशकार धैवतावर येऊन बसतो, आणि तो बसतो कसा, कुठून येऊन, किती थांबून, यातच राग आहे. आता संशोधन सुटे स्वर सोडून सुरावटीच्या वाक्यांशांकडे वळलंय ते यामुळेच. मात्र अॅपच्या पडद्यावर हिरवा ठिपका दिसला की राग आला, असं मुलांना वाटायला लागलं तर ते नुकसान भरून यायचं नाही. ही सीमा कुठे आखायची हे शिकवणाऱ्यांनी सांगायला हवं, प्रोग्रामरने नव्हे.

आणि शिकवणारे आपल्याकडेच आहेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा कारभार मिरजेतून चालतो. विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेतच बाळकृष्णबुवांकडे शिकले. सांगलीत इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ पासून आहे, विलिंग्डन त्याच्याही आधीपासून. सतारमेकर गल्ली तिथून अर्ध्या तासावर. बार्सिलोनाला यातलं काहीच जवळ नाही, तरी इथल्या लोकांनी आपलं संगीत मांडीवर घेऊन अभ्यासलं. आपल्याकडे ही माणसं एका टेबलाभोवती बसली तर काय होईल याचा विचार मी रोज करते.

तोवर वाचणाऱ्यांपैकी प्रत्येकाला करता येईल असं एक काम आहे. अंबाबाईच्या नवरात्रातल्या, दर्ग्यातल्या उरुसाच्या मैफलींच्या कॅसेटी मिरज-सांगलीत घरोघरी पडून आहेत. त्या संगणकावर घ्याल तेव्हा खरखर काढणारं फिल्टर लावू नका, कारण सतत चालणारा आवाज म्हणून ते तंबोराच आधी खातं. एमपीथ्री करू नका, डब्ल्यूएव्ही ठेवा. गायक स्वर लावत असतो तो सुरुवातीचा भाग कापू नका. फाइलच्या नावात गाणारा, साथीला कोण, राग, साल, जागा आणि ठाऊक असेल तर पट्टी लिहा. डिसेंबरात मी मिरजेत आहे. कुणाला एकट्याने जमत नसेल तर कळवा, कॅसेट प्लेअर आणि लॅपटॉप दोन्ही घेऊन घरी येईन.