कायमचा पत्ता

विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची नोटीस द्यायची असेल तर एक साधा अर्ज भरावा लागतो. नाव, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण, तिथे किती दिवसांपासून राहता, आणि कायमचा पत्ता. बघायला पाच मिनिटांचं काम. आम्हाला त्यातला शेवटचा रकाना भरायला चार महिने लागले. ते चार महिने मी वाया गेले असं मानत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. परदेशात स्वयंसेवक म्हणून गेलेल्या आणि तिथेच कुणात जीव गुंतलेल्या आपल्या मुलामुलींना उपयोग व्हावा.

मी दापोली तालुक्यातली, हर्णैच्या अलीकडच्या गावातली. नर्सिंग कॉलेजात शिकवत होते. 2022 च्या सप्टेंबरात एका आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेतर्फे आफ्रिकेतल्या मलावीला गेले. राजधानी लिलाँग्वेत पहिले दोन आठवडे प्रशिक्षण होतं आणि भाषेच्या वर्गात माझ्या शेजारी फिलिपिन्सच्या इलोइलोचा एक मुलगा बसायचा. मासळी सुकवण्याच्या कामातला तंत्रज्ञ. मग माझी नेमणूक उत्तरेला म्झुझूला झाली, त्याची दक्षिणेला मांगोचीला. मधे दिवसभराचा मिनीबसचा प्रवास. माझ्याकडे टुंबुका बोलतात, त्याच्याकडे चिचेवा आणि याओ. त्यामुळे फोन ठेवताना मी ‘येवो’ म्हणायचे आणि तो ‘झिकोमो’. दोन्हींचा अर्थ एकच, आभार.

पहिल्यांदा त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने सरोवराच्या काठावर उसिपा वाळत घातलेले दाखवले. बोटाएवढे चंदेरी मासे, जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर ताणलेल्या जाळीवर. ही उंची त्यानेच बायकांना सुचवली होती. वाळूवर टाकलेल्या मासळीत खर येते आणि भाव पडतो. मी आमच्याकडच्या बोंबलाच्या वलांड्यांबद्दल सांगायला लागले तर त्याने वही काढली आणि बांबूचं अंतर, उंची, वाऱ्याची दिशा, सगळं लिहून घेतलं. माझ्या गावाबद्दल इतकं बारकाईने मला तोवर कुणी विचारलं नव्हतं.

तो काळ मलावीसाठी फार वाईट होता. कॉलराची साथ 2022 च्या मार्चपासून सुरू होती आणि शेवटी सतराशेहून जास्त माणसं तिने नेली. माझ्या विद्यार्थिनींना वर्गातून काढून थेट कॉलरा वॉर्डात उभं करावं लागलं. 2023 च्या मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळ दक्षिणेवर आदळलं. दोन दिवस त्याचा फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी तो बोलला तेव्हा मी वॉर्डाच्या मागच्या पायरीवर बसले होते, आणि मला काय वाटतंय ते मला स्वतःलाच तेव्हा कळलं.

आमच्यातले जुने स्वयंसेवक मायेनेच सांगायचे की असली प्रेमं विमानतळावर संपतात. परका मुलूख, एकटेपण, वीज नाही, संध्याकाळी करायला काही नाही, मग माणूस जवळ येणारच. ह्यात तथ्य आहे. पण अर्धंच. एकटेपणाने माणसं जवळ येतात, तशीच ती थकलेली, चिडलेली, जुलाबाने अंथरुणाला खिळलेलीही एकमेकांना दिसतात. चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात हे कुठे दिसतं?

पहिली पायरी संस्थेला सांगण्याची. गावातल्या, आपण ज्यांच्यासाठी काम करतो त्या माणसांशी संबंध ठेवण्याबाबत नियम फार कडक असतात आणि ते तसेच असायला हवेत. दोन स्वयंसेवकांमध्ये मनाई नव्हती, पण एक दुसऱ्याचा वरिष्ठ नसावा आणि गोष्ट लपवलेली नसावी अशी अपेक्षा होती. आम्ही दोघांनी एकाच दिवशी आपापल्या व्यवस्थापकांना ईमेल केली. अमेरिकेच्या पीस कोअर ह्या सरकारी स्वयंसेवक संस्थेत तर सेवाकाळात लग्न करायचं असेल तर त्या देशातल्या संचालकाची परवानगी लागते. तेव्हा तुमच्या करारात काय लिहिलंय ते आधी वाचा.

मग लग्न कुठे, हा प्रश्न. परदेशी विवाह कायदा, 1969 प्रमाणे दोघांपैकी एक जण भारतीय असेल तर भारतीय दूतावासात लग्न लावता येतं आणि लिलाँग्वेत आपलं उच्चायुक्तालय आहे. पण फिलिपिन्सचा दूतावास तिथे नव्हता, म्हणजे त्याचे कागद अडणार. शिवाय दोन्हीकडचं एकही माणूस हजर नसलेलं लग्न मला नको होतं. इलोइलो की कोकण, एवढंच उरलं. आणि तिथेच तो कायमचा पत्ता आडवा आला.

मी कायद्यातला नोटिशीचा नमुना छापून म्झुझूला नेला होता. तो आला होता. घराच्या ओट्यावर मेणबत्ती लावून आम्ही बसलो. रकाने भराभर भरत गेलो आणि तिथे थांबलो. त्याने विचारलं, कायमचा म्हणजे कुणाचा? माझी आजी ब्याऐंशीची, आई तिचं सगळं करते, भाऊ पुण्याला. त्याची आई एकटी, पण बहीण त्याच गल्लीत. आम्ही दोघेही घरी पैसे पाठवणारे. स्वयंसेवकाला राहण्या-खाण्यापुरता भत्ता मिळतो, पगार नाही, त्यामुळे गाठीशी कुणाच्याच काही नव्हतं. त्या रात्री आम्ही पहिल्यांदा भांडलो. पुढचे चार महिने फोनवर हाच विषय. अखेर ठरलं ते असं: आजी आहे तोवर कोकण, माझी नोकरी, त्यानंतर पुन्हा बसून ठरवायचं. त्याने स्वतःच्या हाताने आकडे मांडले. पत्नीच्या नात्याने मिळणाऱ्या एन्ट्री व्हिसावर इथे सरळ नोकरी धरता येत नाही, आणि भारतीयाशी लग्न झालेल्याला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करायला लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे दोन वर्षं एका पगारात. हे आधी बोललो नसतो तर नंतर फार कडवट झालं असतं.

करार 2023 च्या नोव्हेंबरात संपला. मी घरी, तो इलोइलोला. तिथे त्याच्या बहिणीने ‘सेनोमार’ काढून ठेवला होता. ह्या माणसाच्या लग्नाची नोंद आढळत नाही असा तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाचा दाखला. त्याच्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारतात तो शिक्का, करून घेतलं. भारत 2005 पासून आणि फिलिपिन्स 2019 पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, म्हणून एका शिक्क्यात काम होतं. ह्या दाखल्यावर दिल्लीतला त्यांचा दूतावास ‘विवाहास कायदेशीर पात्र’ असं प्रमाणपत्र देतो आणि आपल्याकडच्या विवाह अधिकाऱ्याला ते हवं असतं. व्हिसाचं मात्र नीट बघा. तीस दिवसांचा ई-टुरिस्ट व्हिसा उपयोगाचा नाही, कारण नोटीसच तीस दिवस लागते. एक वर्षाचा घेतला, त्यात एका वेळी नव्वद दिवस राहता येतं. 8 जानेवारी 2024 ला तो उतरला आणि आमचे दिवस मोजायला सुरुवात झाली.

दिल्लीचं काम उरकून घरी आलो तेव्हा आजी पडवीत सुपात जवळा निवडत होती. मी त्याला वाकून नमस्कार करायला शिकवलं होतं. पण समोर गेल्यावर तो गुडघ्यावर बसला, तिचा उजवा हात हातात घेतला आणि आपल्या कपाळाला लावला. त्यांच्याकडे थोरांचा आशीर्वाद असाच घेतात, त्याला ‘मानो’ म्हणतात. आजीच्या हाताला जवळ्याचा चुरा लागलेला होता, तो त्याच्या कपाळावर तसाच राहिला. ती म्हणाली, “अगो, हा तर आशीर्वाद हातानेच घेतोय. वाकायचं राहू दे आता.”

काकांची शंका जमिनीची होती. ते वकिलाला विचारून आले होते. विशेष विवाह कायद्याच्या कलम 19 प्रमाणे एकत्र कुटुंबातली हिंदू व्यक्ती अन्यधर्मीयाशी लग्न करते तेव्हा ती त्या कुटुंबातून विभक्त झाली असं धरतात. वारसाहक्क मात्र जात नाही. मी काकांना ते कलम वाचून दाखवलं. ते नाराज होते, पण त्यांनी मला खोटं पाडलं नाही. शेवटी साक्षीदारांत पहिली सही त्यांचीच झाली.

आता माझी चूक. ऑनलाइन अर्ज मी भरला. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, म्हणून मी सवयीने त्याच्या मधल्या नावाच्या जागी त्याच्या वडिलांचं नाव टाकलं. त्यांच्याकडे मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. पासपोर्टवर तेच, दूतावासाच्या दाखल्यावर तेच. नोटीस जानेवारीअखेर लागली आणि आम्ही तारीख ठरवायला गेलो तेव्हा अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्याच नावाची नोटीस बोर्डावर तीस दिवस होती! त्या बाईंनी शांतपणे समजावलं की असंच लग्न लावलं तर पुढे व्हिसाच्या वेळी तुम्हीच अडकाल, नवी नोटीस द्या. 28 फेब्रुवारीला ती दिली. तीस दिवस संपत होते 29 मार्चला, आणि त्या दिवशी गुड फ्रायडे. त्याचे नव्वद दिवस 6 एप्रिलला भरणार. मी परतीच्या वाटेवर एसटीत रडले. त्याने आईला फोन लावला आणि तिला म्हणाला की तुझ्या नावासाठी थांबलोय.

2 एप्रिलला लग्न झालं. तीन साक्षीदार, विवाह अधिकारी, आई, भाऊ, आणि टेबलावर आजीने पाठवलेली अबोलीची वेणी. ह्या कायद्यात मंत्र नाहीत, पण एक वाक्य दोघांनी बोलावंच लागतं, आणि ते दोघांना कळेल अशा कुठल्याही भाषेत चालतं. तो आधी इंग्रजीत बोलला. मग बाईंकडे बघून म्हणाला, मराठीत पण म्हणू का? “मी हिला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो.” ‘कायदेशीर’वर तो अडखळला, थांबला, आणि पहिल्यापासून पुन्हा म्हणाला.

5 तारखेला तो गेला. ह्या वेळचा विमानतळ मला मलावीतल्या सगळ्या निरोपांपेक्षा जड गेला. लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टिल, मग त्यांच्या दूतावासात विवाहाची नोंद, मग मनिलातून पत्नी भारतीय असल्याचा एन्ट्री व्हिसा. त्यांच्या देशात आणखी एक टप्पा असतो. परदेशी जोडीदाराकडे राहायला जाणाऱ्याला अनिवासी फिलिपिनोंच्या आयोगाचं समुपदेशन घ्यावं लागतं. तो त्यासाठी सेबूला गेला. लग्नाच्या नावाखाली होणारी फसवणूक थांबावी म्हणून तो नियम आहे. तिथे विचारलं, बायकोच्या घरी कोण कोण आहे, कुठली भाषा बोलतात, पैसे कोण कमावतं, भांडण झालं तर जाशील कुठे? त्याने मला फोनवर सांगितलं की सगळी उत्तरं त्याला तोंडपाठ होती, म्झुझूच्या ओट्यावरची.

जुलैत, भर पावसात तो परत आला. चौदा दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची असते, ती ऑनलाइन होते. नंतर पोलीस घरी येऊन विचारपूस करून गेले, चहा घेतला. त्या अर्जात भारतातला पत्ता विचारतात. मी टंकायला बसले तर त्याने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. घर क्रमांक, वाडी, मुक्काम पोस्ट, तालुका दापोली. पिनकोड त्याने आजीला विचारला.