ताप आला तर घरी थांबा, पण केमोवाल्यांनी नाही

मार्च 2020 मधे महामारी जाहीर झाली त्याच आठवड्यात माझा बायोप्सीचा रिपोर्ट आला, ब्रेस्ट कॅन्सर. ऑपरेशनची तारीख मिळाली, मग पुढे गेली, मग अजून पुढे. गाठ हार्मोनवर वाढणारी होती म्हणून तोवर गोळ्या चालू केल्या, डॉक्टर म्हणाल्या काही आठवडे यावर निभावेल, पण अंगात गाठ घेऊन वाट बघणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळतं. शेवटी मे मधे झालं एकदाचं.

मग केमो, दर 21 दिवसांनी. दरवेळी आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट, आणि कोविडची टेस्ट, त्या काडीची नाकाला पण सवय झाली. सोबत कुणाला आत सोडत नव्हते, नवरा खाली गाडीत बसून राहायचा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तेव्हा सगळीकडे एकच चाललेलं, साधा ताप असेल तर घरीच थांबा. केमोवाल्यांचं नेमकं उलटं! डोसनंतर साधारण 7 ते 14 दिवसात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, तेव्हा 100.4 ताप म्हणजे सुद्धा इमर्जन्सी. मला सांगितलं होतं हो, पण दिवसभर टीव्ही ऐकून डोक्यातून गेलं. दुसऱ्या डोसनंतर दहाव्या रात्री ताप 101 आणि मी शहाणी पॅरासिटामॉल घेऊन झोपायला निघालेली. नवऱ्याने फाईल उघडून वाचलं आणि तसंच उठवून नेलं. दारात ताप बघून आम्हाला कोविडच्या लाईनीत उभं केलं, त्या माणसाचं तरी काय चुकलं म्हणा. मी डॉक्टरांना फोन लावून सरळ त्याच्या हातात दिला, त्या म्हणाल्या कोविडच्या रिपोर्टसाठी थांबू नका, आधी अँटिबायोटिक लावा. न्यूट्रोफिल, म्हणजे त्याच पांढऱ्या पेशींतला एक प्रकार, 300 निघाले, फारच कमी. कोविड निगेटिव्ह. चार दिवस अ‍ॅडमिट, पुढचा डोस आठवडाभर लांबला, आणि नंतर प्रत्येक डोसला काऊंट वाढवायचं इंजेक्शन. तेव्हापासून फाईलवर लाल पेनने लिहिलेलं, केमो चालू आहे, ताप असेल तर पेशंटला ताटकळत ठेवू नका.

रेडिएशन 25 ऐवजी 15 वेळाच दिलं. मला वाटलं गर्दी नको म्हणून काटछाट केली, तर म्हणे हे कोरोनाच्या आधीच तपासून झालेलं, फायदा तेवढाच.

2021 ला लस घ्यायला गेले, सिस्टर म्हणाल्या डावा दंड. मी उजवा पुढे केला. माझं ऑपरेशन डावीकडचं, लस घेतली त्या बाजूच्या काखेतल्या लिम्फ नोड सुजतात कधीकधी आणि मग स्कॅनमधे उगाच घोळ, कॅन्सरच आहे की काय असा.