मनाली ते लेह सायकलने: पाच खिंडी आणि थाऱ्यावरचं डोकं

मनाली २,०५० मीटरवर, रोहतांगची खिंड ३,९७८ मीटरवर आणि मधला रस्ता ५१ किलोमीटरचा. पहिल्यांदा निघालेल्याच्या पोटात गोळा येतो तो या आकड्यांनी. पण भागाकार करून पाहिला तर चढ सरासरी चार टक्क्यांच्या आत येतो. पुण्याजवळच्या सिंहगडाचा डांबरी रस्ता याहून कितीतरी खडा आहे. ज्याने सिंहगड पायथ्यापासून न थांबता चढवलाय, त्याच्या पायांत रोहतांगपुरती ताकद नक्की आहे. कमी पडते ती हवा. आणि हवा कमी पडली की डोकं भलतेच निष्कर्ष काढायला लागतं. ‘मला हे जमणार का?’ या एका मोठ्या भीतीचे छोटे, उत्तर देता येतील असे प्रश्न करायचे, हेच या रस्त्यावरचं खरं काम. कुठला गिअर? टायरमध्ये हवा किती? आज झोपायचं किती उंचीवर? परत फिरायचं तर कुठून?

३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालून जाणारा अटल बोगदा सुरू झाला आणि लेहकडे जाणारे ट्रक डोंगराच्या पोटातून जाऊ लागले. जुना घाट त्यामुळे बराच मोकळा झाला. पर्यटकांच्या गाड्या येतात, पण त्यांना परवाना लागतो आणि संख्येवर मर्यादा आहे. उजाडता उजाडता निघालो की खिंडीच्या अलीकडच्या मढीपर्यंतची वळणं शांतपणे चढता येतात. त्याआधी मनालीत दोन रात्री काढाव्यात आणि पहिला मुक्काम मढीलाच करावा. एका दमात खिंड गाठायचा हट्ट नको.

गिअरचा हिशेब घरी असतानाच झालेला बरा. मागे ११–३४ ची कॅसेट (मागच्या चाकावरच्या ११ ते ३४ दातांच्या चकत्यांचा संच) असेल तर पुढे २२ दातांची चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चकती) हवी. पुढे एकच चेनरिंग असेल तर ती ३० किंवा ३२ दातांची आणि मागची सगळ्यात मोठी चकती ५० किंवा ५१ दातांची. अशा जोडणीत सगळ्यात हलक्या गिअरला पॅडलच्या एका फेऱ्यात चाक साधारण ०.६ ते ०.६५ फेरा फिरतं. मिनिटाला ६० फेरे मारले की वेग पडतो ताशी जेमतेम पाच किलोमीटर. हा वेग पाहून लाज वाटते, आणि लाजेपोटी एक गिअर वाढवला जातो. बिघडतं ते तिथेच. मांड्या भरून येतात, धाप लागते, आणि मग चूक गिअरची होती हे विसरून माणूस स्वतःच्या लायकीवर शंका घ्यायला लागतो. आमचा नियम सोपा आहे: सोबतच्याशी एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की वेग कमी करायचा. ताशी चार किलोमीटर ही सुद्धा प्रगतीच आहे.

रोहतांगपलीकडे कोकसरपर्यंतचा उतार चढापेक्षा जास्त घाबरवतो. रस्त्याची अवस्था दर मोसमात बदलते. सकाळी डांबर, पुढच्या वळणाला चिखल, त्यापुढे सुटी खडी. इथे धीर अंगाच्या ठेवणीतून येतो. दोन्ही पॅडल समपातळीत, बूड सीटवरून किंचित उचललेलं, कोपर वाकलेले, टाचा थोड्या खाली. प्रत्येक ब्रेकवर एकच बोट, बाकीची बोटं हँडलवर. ब्रेक वळणाच्या आधी लावायचे, चाकं सरळ असताना, दोन्ही मिळून. वळणात शिरल्यावर खडीवर पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक सरकतं आणि सावरायला वेळच मिळत नाही. नजर वळणाच्या शेवटाकडे. डोळे दरीकडे किंवा समोरच्या दगडाकडे खिळले की सायकलही तिकडेच जाते. हे वाचून येत नाही. मुरमाच्या एखाद्या सपाट पठारावर, दोन दगड ठेवून, त्यांच्यामधून ताशी दहाच्या वेगाने शंभरदा जावं लागतं. मावळात आणि पुरंदरात अशी पठारं हवी तेवढी आहेत.

टायरमधल्या हवेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पंक्चरइतकं मनोबल दुसरं काही खच्ची करत नाही. २.२ इंची ट्यूबवाल्या टायरला, सत्तर किलोच्या माणसाला, डांबरावर ३५ ते ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि खडीवर २८च्या आसपास पुरे. याहून बरीच कमी ठेवली आणि दगडावर चाक आपटलं की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जाते. तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. एकच भोक असेल तर काटा किंवा तार शोधा, दोन चिरा असतील तर टायरमध्ये शोधून काही मिळणार नाही, हवा वाढवा. एवढं ओळखता आलं की पंक्चर हे संकट राहत नाही, पंधरा मिनिटांचं काम होतं. सोबत दोन ट्यूब, पॅच, चेनचे दोन क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या), गिअर आणि ब्रेकच्या केबल, मागच्या चाकाच्या मापाचे चार स्पोक आणि आपल्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारी पट्टी). हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि तो केलाँगच्या दुकानात मिळेल या आशेवर राहू नये.

सिस्सू, तांदी, केलाँग, जिस्पा हा चंद्रा आणि भागा नद्यांच्या काठचा टापू विश्रांतीचा आहे. तीन हजारांच्या थोडं वर झोपायला मिळतं. एक दिवस जिस्पाला बसून काढावा, कारण पुढची उडी मोठी आहे. जिस्पा ३,२०० मीटर आणि झिंगझिंगबार ४,२७० च्या आसपास. तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, या सर्वमान्य नियमाच्या ही दुप्पट होते. म्हणून मध्ये दीपक ताल किंवा पटसेओजवळ, ३,८०० च्या आसपास, मुक्काम घालावा. नकाशावर हा दिवस वाया गेल्यासारखा दिसतो. खरं तर पुढच्या सगळ्या दिवसांचा धीर याच मुक्कामावर कमावलेला असतो. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का आणि किती, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर.

परत फिरायचा निर्णय झिंगझिंगबारपर्यंतच घ्यायचा. तिथून खाली उतरणं सोपं आहे, सगळा उतारच आहे. एकदा बारालाचा ला (‘ला’ म्हणजे खिंड; साधारण ४,८५० मीटर) ओलांडून सरचूला पोचलो की आपण खिंडींच्या मध्ये अडकतो. सरचू ४,२९० मीटरवर आहे. मागे बारालाचा, पुढे नकी ला आणि लाचुलुंग ला. कुठल्याही दिशेने खाली जायचं तर आधी वर चढावं लागतं. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं ही लक्षणं असतील तर वर जायचं नाही, आहे तिथेच थांबायचं. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत चालता येत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर वेळ न घालवता गाडीने खाली. हे नियम सगळ्यांनी मनालीतच एकमेकांसमोर मोठ्याने बोलून ठेवावेत. उंचीवर गेल्यावर प्रत्येकाला आपला अपवाद रास्त वाटतो.

बारालाचाच्या अलीकडे-पलीकडे नाले लागतात. काहींवर पूल झालेत, काही रस्त्यावरूनच वाहतात. पाणी बर्फ वितळून येतं, म्हणून सकाळी कमी आणि दुपारी फुगलेलं. दहाच्या आत नाला ओलांडायचा असा बेत ठेवावा. पाणी चाकाच्या हबपर्यंत (मधल्या आसापर्यंत) असेल तर उतरून सायकल प्रवाहाच्या वरच्या नव्हे, खालच्या बाजूला धरून चालायचं, म्हणजे ती अंगावर येत नाही. घोट्याएवढंच असेल तर हलका, पण सगळ्यात हलका नव्हे असा गिअर टाकून पॅडल न थांबवता जायचं. मध्येच थांबलं की गोल गोट्यांवर तोल जातोच.

सरचूपुढे गाटा लूप्स. एकवीस वळणं, साडेचारशे-पाचशे मीटरचा चढ. या प्रवासात मनाची सगळ्यात चांगली शाळा हीच, कारण वरचा रस्ता खालून दिसत राहतो. वर बघू नये. वळण मोजावं, आणि वळणाच्या बाहेरच्या कडेने घ्यावं. आतल्या कडेला चढ एकदम तीव्र होतो, बाहेरून तो सौम्य असतो. मात्र वरून येणाऱ्या गाडीचा कानोसा आधी घ्यायचा. थांबायचं ते ठरवून. तीन वळणांनंतर दोन मिनिटं, पाय टेकवून, दोन घोट पाणी, एक राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्कीचा तुकडा. दम संपला म्हणून थांबलं तर मनात हार नोंदली जाते. ठरलेल्या जागी थांबलं तर पुन्हा निघायला मन कुरकुर करत नाही. चढावर पुन्हा सुरुवात करताना सायकल रस्त्याला थोडी तिरकी धरायची, पुढचं पॅडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणायचं, मागचा ब्रेक सोडत त्यावर वजन टाकायचं. हे येत नाही म्हणून कित्येक जण उगाच तासन् तास सायकल ढकलतात. ढकलण्यात कमीपणा काहीच नाही, पण ते आपण निवडलेलं असावं.

लूप्स संपल्यावर नकी ला (साधारण ४,७४० मीटर) येते आणि वाटतं, झालं. नाही झालं. रस्ता व्हिस्की नाल्यापर्यंत उतरतो आणि पुन्हा लाचुलुंग लाच्या ५,०६० मीटरपर्यंत चढतो. कमावलेली उंची डोळ्यांदेखत जाते. माणसं खचतात ती इथे, आणि कारण एवढंच की हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ज्याने उंचीचा आलेख कागदावर काढून हँडलबारच्या पिशवीत ठेवलाय, तो हा उतार ब्रेकवर हात ठेवून निवांत उतरतो.

पांग इथे (साधारण ४,६०० मीटर) मुक्काम करून मोरेचं मैदान सकाळी लवकर कापावं. चाळीस किलोमीटर जवळपास सपाट, पण दुपारी वारा समोरून सुटला तर सपाटीवर चढाचा वेग पडतो. एकामागे एक, अर्ध्या चाकाच्या अंतराने, दर पाच मिनिटांनी पुढचा बदलत जायचं.

टांगलांग ला साधारण ५,३२८ मीटरवर आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. चढ तीन-चार टक्क्यांचाच, तरी बाटली काढून पाणी पिण्यानेही धाप लागते, कारण गिळताना श्वास थांबतो. म्हणून घोट लहान, आणि तोही थांबून. इथून रुमत्सेकडे उतरताना ब्रेक सलग दाबून धरू नयेत. पॅड तापून गुळगुळीत होतात आणि पकड जाते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. उपशीला सिंधू भेटली की लष्करी ट्रकांची वर्दळ सुरू होते. तिथून लेह अठ्ठेचाळीस किलोमीटर आणि दमलेल्या माणसाचं लक्ष विस्कटतं ते याच पट्ट्यात.

पाय अजून शाबूत असतील तर लेहहून खारदुंग ला आहेच, चाळीस किलोमीटर आणि साधारण १,८५० मीटरचा चढ. गिअरचं, वाक्याचं आणि थांब्यांचं गणित तेच. फक्त निघण्याआधी चाक काढून ब्रेक पॅडची जाडी बघा. पॅडवरचा झिजणारा थर एक मिलिमीटरच्या आत आला असेल तर लेहमध्येच बदलून घ्या. चाक काढलेलं असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नका.