लेमन ड्रॉप: पिवळ्या लिंबाचा वास अखेर जमला

जमला! लेमन ड्रॉप या व्होडकाच्या कॉकटेलला पिवळ्या लिंबाचा वास काही केल्या येत नव्हता, तिथेच घोडं अडलं होतं. ते सुटलं म्हाळुंगामुळे.

सोलापुरात मिळतं ते कागदी लिंबू. त्याचा रस, व्होडका आणि ट्रिपल सेक (संत्र्याच्या सालीचं लिकर) शेक केलं की ग्लासात उतरतो कामिकाझे, म्हणजे दुसरंच कॉकटेल. आंबटपणा नेमका, पण लिंबाच्या गोळीचा वास नाही. सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतल्या हेन्री आफ्रिकाज या बारमध्ये लेमन ड्रॉप निघालं, श्रेय बारमालक नॉर्मन हॉबडे यांचं. नावच मुळी त्या गोळीवरून. मग वासच गेला तर उरलं काय? रस वाढवला, साखर बदलली, कागदी लिंबाची साल किसून घातली. सालीने नुसता कडवटपणा चढला.

पिवळं लिंबू हा म्हाळुंग आणि कडू संत्र्याचा संकर. लक्ष्मी मंडईत लोणच्यासाठी आलेली म्हाळुंगं दिसली आणि एकदम लक्षात आलं: क्वान्त्रोत (हा ट्रिपल सेकचाच एक ब्रँड) कडू संत्र्याची साल असतेच! म्हणजे एक पालक ग्लासात आधीच हजर होता, दुसरा टोपलीत बसला होता.

म्हाळुंगाला रस जेमतेम, सगळा जीव सालीत. पीलरने वरचा पिवळा पापुद्रा तेवढा काढला, पांढरा भाग अजिबात नाही. साखरेत चांगला चुरडून झाकून ठेवला. आपल्याकडच्या उकाड्यात ऑलिओ, म्हणजे सालीतल्या तेलाचा आणि साखरेचा पाक, भराभर सुटतं. संध्याकाळी बरणीच्या तळाशी सोनेरी पाक होता, आणि झाकण उघडताच खोलीभर तोच वास!

सध्याचं माप: व्होडका 60 मिली, क्वान्त्रो 20, कागदी लिंबाचा रस 25, ऑलिओ 15. शेकरवर दव धरेपर्यंत शेक, मग डबल स्ट्रेन, म्हणजे दोन गाळण्यांतून गाळणं. व्होडका साधी चालते, लिंबाच्या फ्लेवरची नको. स्वस्तातलं ट्रिपल सेक मात्र घेऊच नका, नुसता गोड पाक असतो. क्वान्त्रो महाग आहे, पण इथे पैसे वसूल होतात.

रिमचा, म्हणजे ग्लासाच्या काठावरची साखर ओघळण्याचा, प्रश्न किरकोळ निघाला. साखर लावून ग्लास पंख्याखाली वाळवायचा, मगच फ्रीझरमध्ये. काठ ओघळत नाही.

यापुढे डाळिंबाचा प्रकार करणार होतो, पण लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. ऑलिओ गाळून उरलेल्या साली साखरेने माखलेल्या असतात. त्या कडक वाळवून कुटल्या तर रिमलाच लावता येतील, पहिल्या घोटाआधीच ओठांवर म्हाळुंग! डाळिंब थांबेल. मंडईतल्या मावशींकडे मोजकीच म्हाळुंगं उरली होती, उद्या सकाळी आधी ती उचलतो.