पेठेत ट्रक थांबायची अधिकृत जागा : एका फलकासाठी अकरा महिने

आमच्या पेठेत किराणा, धान्य, पत्रा-सिमेंट अशी चाळीसेक दुकानं आहेत. माल रोज येतो आणि तो रस्त्यावरच उतरतो, कारण मागच्या बाजूला गाडी जाईल असा बोळ कुणाकडेच नाही. उतरवायची जागा मात्र कुठेच ठरलेली नव्हती. त्यामुळे ट्रक जिथे उभा राहील तिथे चलन : पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडला तर १५००. व्यापारी संघाच्या वतीने ही जागा ठरवून घेण्याची कागदपत्रं माझ्याकडे होती. काम झालं, पण अकरा महिने लागले आणि त्यातले पाच महिने एकाच प्रश्नात गेले : हा रस्ता कोणाचा? तो प्रश्न विचारायची गरजच नव्हती हे मला फार उशिरा कळलं. त्याची चिडचिड अजून गेलेली नाही.

आधी अधिकार कोणाचा ते. नगरसेवकाने रंग मारून दिला की जागा झाली, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. वाहनं कुठे आणि किती वेळ उभी राहू शकतात हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११७ खाली ठरतं. कुठल्या वेळी कुठली वाहनं आत येऊ द्यायची ते कलम ११५ खाली, आणि फलक कलम ११६ खाली. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात वाहतूक शाखेचे उपायुक्त आदेश काढतात. आमच्यासारख्या गावात तो जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या सहीने निघतो. नगरपरिषद आणि वाहतूक पोलीस प्रस्ताव देतात, अभिप्राय देतात, एवढंच. म्हणून अर्ज शहर वाहतूक शाखेला करा, प्रती मुख्याधिकारी आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेला द्या, आणि तिन्ही ठिकाणचा आवक क्रमांक व शिक्का असलेली पोहोच स्वतःकडे ठेवा. पुढे सगळी लढाई या तीन पोहोचींवरच चालते.

जागा निवडताना टेप घेऊन जा. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांप्रमाणे चौकाच्या कडेपासून ५० मीटरपर्यंत गाडी उभी करता येत नाही. आमच्या दोन चौकांतलं अंतर १४० मीटर. दोन्हीकडचे ५० वजा केले की उरले ४०. पहिल्या अर्जात आम्ही ‘मारुती मंदिरासमोर’ असं लिहिलं होतं. ती जागा चौकापासून २२ मीटरवर होती, त्यामुळे अर्ज आठवड्यात परत आला, आणि योग्यच आला. शाळा आणि दवाखान्याचं दार, बसथांबा, अग्निशमनाचा नळ, कुणाच्या वाड्याचं फाटक हेही टाळायचं.

एका जागेची लांबी किती धरायची, यात सगळे फसतात. लोक ट्रकची लांबी मोजतात. १९ फुटी आयशर पुढच्या बंपरपासून मागपर्यंत आठ मीटरच्या आत-बाहेर येते, पण मागचा फाळका पाडून हमालांना फळी लावायला आणि पोतं पाठीवर घेऊन वळायला तीन मीटर लागतात. पुढे गाडी काढून घ्यायला दोन मीटर. म्हणजे १३ मीटर. चाळीस मीटरमध्ये बरोबर तीन गाड्या. रुंदी तीन मीटर पुरते, कारण ट्रक जास्तीत जास्त २.६ मीटर रुंद असतो. आमचा डांबरी रस्ता नऊ मीटरचा, म्हणून सहा मीटर जाण्या-येण्याला मोकळे राहतात. हा हिशोब नकाशावर लिहून दिला, तेव्हाच वाहतूक शाखेने प्रस्ताव मनावर घेतला. दहा चाकी गाड्यांचा नाद सोडा. त्या नाक्याबाहेर उतरवून माल छोटा हत्तीने आत आणावा.

आणि इथून अडकलं.

पेठेतला रस्ता म्हणजे जुना राज्यमार्ग. बाह्यवळण झालं तशी मोठी वाहतूक बाहेरून गेली आणि गावातली लांबी नगरपरिषदेकडे आली, असं सगळ्यांना तोंडी माहीत होतं. वाहतूक शाखेने अभिप्राय मागितला तेव्हा नगरपरिषदेतून एका ओळीचं उत्तर गेलं : ‘सदर रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अखत्यारीत येत असल्याने अभिप्राय देता येत नाही.’ बांधकामच्या कार्यालयातून उत्तर आलं : ‘सदर लांबी यापूर्वीच हस्तांतरित करण्यात आली आहे.’ फाइल ‘मालकीबाबत खुलासा घेऊन फेरसादर करावे’ असा शेरा मारून वाहतूक शाखेत परत. एक फेरा पाच-सहा आठवड्यांचा. असे तीन फेरे झाले. दर वेळी तेच पत्र, तारीख तेवढी बदललेली. त्या काळात पेठेत चलनं फाटतच होती.

दोन्ही कार्यालयांत कुणीही खोटं लिहिलेलं नव्हतं. माहितीच्या अधिकारात कागद काढले तेव्हा उलगडा झाला. बांधकामच्या हस्तांतरण पत्रात रस्त्याचं नावच नव्हतं. फक्त ‘गावठाण भाग, कि.मी. १२/४०० ते १४/७००’. नगरपरिषदेच्या नोंदवहीत किलोमीटर नव्हते. फक्त ‘जुना नाका ते वेस’. रस्ता तोच, पण दोन वह्यांत दोन नावांनी, आणि एक वही दुसरीशेजारी ठेवून बघायचं काम कुणाच्याच टेबलाचं नव्हतं.

ते काम आम्ही केलं. एका मोठ्या कागदावर रस्त्याची सरळ रेघ काढली, वरच्या बाजूला किलोमीटर दगडांचे आकडे, खालच्या बाजूला नाका, दुकानं, मंदिर, वेस. मग संयुक्त पाहणीची मागणी केली. पाहणीला वाहतूक शाखेचा अंमलदार, नगरपरिषदेचा अभियंता आणि बांधकामचा शाखा अभियंता एकाच वेळी हजर हवेत. एक जरी आला नाही तरी पाहणी फुकट जाते, आमची पहिली तशीच गेली. दुसऱ्या वेळी तिघांनी त्या कागदावर जागेवरच सह्या केल्या. वीस मिनिटं लागली. पाच महिने अडलेलं काम वीस मिनिटांत झालं.

पण खरी गोम वेगळीच. कलम ११७ मध्ये रस्त्याच्या मालकाची परवानगी मागितलेलीच नाही. ‘त्या क्षेत्रातील स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करून’ जागा ठरवावी, एवढंच म्हटलं आहे. पेठ नगरपरिषदेच्या हद्दीत आहे, मग डांबर कुणाचंही असो. म्हणजे नगरपरिषद पहिल्याच दिवशी अभिप्राय देऊ शकत होती. मालकी बघायची ती फलकाचा खांब कुणी रोवायचा आणि पट्टे कुणाच्या खर्चाने मारायचे यासाठी. विचारविनिमय म्हणजे ना हरकत दाखला नव्हे. हे वाक्य कलमासकट अर्जाच्या पहिल्या पानावर लिहा. मी ते सातव्या महिन्यात लिहिलं. राष्ट्रीय महामार्ग असेल तर मात्र महामार्ग प्राधिकरणालाही पत्र द्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तेही अशा जागा ठरवू शकतं.

माहिती अधिकाराबद्दल राहिलं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, आणि महाराष्ट्रात मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असं लिहू नका. ‘हस्तांतरणाचे पत्र, ताबा दिल्या-घेतल्याची नोंद आणि सोबतचा लांबीचा तक्ता’ असं नेमकं मागा. दोन्ही कार्यालयांना वेगळे अर्ज एकाच दिवशी टाका. बांधकामकडून उत्तर २६ व्या दिवशी आलं. दुसरीकडून ३० दिवसांत काहीच आलं नाही, पहिलं अपील केल्यावर मिळालं. स्मरणपत्रात दप्तर दिरंगाई कायद्याचा, म्हणजे २००५ च्या अधिनियमातल्या कलम १० चा उल्लेख करा : एका टेबलावर सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ फाइल राहू नये, आणि दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागणाऱ्या प्रकरणालाही तीन महिन्यांची मर्यादा आहे. धमकीच्या सुरात लिहू नका. आवक क्रमांक आणि तारखांचा तक्ता जोडला की पुरतं.

पुढचं भराभर झालं. प्रारूप आदेश निघाला, हरकती-सूचनांसाठी १५ दिवस मिळाले. एकच हरकत आली : तिसऱ्या जागेच्या मधोमध एका वाड्याचं फाटक येत होतं. ते आम्ही पाहायला हवं होतं. ती जागा कापून सात मीटरची केली, छोटा हत्तीपुरती.

वेळा ठरवताना हमालांना विचारा. नऊ टन माल म्हणजे ५० किलोची १८० पोती. चार हमाल, प्रत्येकाच्या ४५ खेपा, एका खेपेला दीड मिनिट धरलं तर सदुसष्ट-अडुसष्ट मिनिटं. दोर सोडणं, ताडपत्री काढणं, बिल्टीवर (मालासोबत येणाऱ्या वाहतूक पावतीवर) मोजून घेणं याला वीस. म्हणून आम्ही दीड तासाची कमाल मर्यादा मागितली आणि मिळाली. पोलिसांनी आधी वीस मिनिटं सुचवली होती. तेवढ्यात ताडपत्रीच निघते. पण मर्यादा हवीच. ती नसली की पहाटे तीनला आलेला ड्रायव्हर जागा अडवून गाडीतच झोपतो आणि सकाळी सहाला आलेल्या गाडीला परत रस्त्याच्या मध्ये थांबावं लागतं. आमच्या वेळा सकाळी ६ ते १० आणि दुपारी २ ते ४. आठवडी बाजाराच्या दिवशी फक्त सकाळी.

अवजड गाड्यांच्या प्रवेशाच्या वेळांबद्दल वाद होईल असं वाटत असेल तर आधी महिनाभर प्रायोगिक आदेश मागा. कलम ११५ खालचा निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात प्रसिद्ध करावा लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. महिन्याभरात विरोध करणारे दुकानदार स्वतःच बाजूने बोलायला लागले.

फलक रंगवून आला तेव्हा त्यावर ‘स. ८ ते १०’ होतं. आदेशात ६. रोवायच्या आधी आदेशाची प्रत हातात धरून शब्दन्‌शब्द ताडा. हद्द कुठून कुठपर्यंत ते बाण आणि मीटरमध्ये हवं, नाहीतर हद्दीबाहेर मागचं चाक गेलं म्हणूनही चलन होतं. खांब जागेच्या दोन्ही टोकांना लावा. मधोमध लावला तर उभ्या ट्रकच्या बॉडीमागे तो दिसतच नाही. जागेच्या बाहेरच्या भागात लाल कड्याचे निळे गोल फलक लावून घेतले : एक तिरकी पट्टी म्हणजे पार्किंग नाही, दोन पट्ट्यांची फुली म्हणजे थांबायचंच नाही. कर्नाटक-गुजरातचे ड्रायव्हर मराठी वाचत नाहीत, पण ही चिन्हं ओळखतात. पट्टे साध्या ऑइलपेंटने मारू देऊ नका, एका पावसाळ्यात जातात. थर्मोप्लास्टिकचा आग्रह धरा.

आणि जागा मिळाली तरी ड्रायव्हर केबिन सोडून चहाला गेला तर इंजिन बंद आणि हँडब्रेक ओढलेला हवा, कलम १२६ तेच सांगतं. चाकाखाली लावलेला दगड निघताना उचलून कडेला ठेवायचा. रात्री त्याच दगडावर दुचाक्या पडतात. आदेशाच्या क्रमांक-तारखेसह लॅमिनेट केलेली प्रत आम्ही प्रत्येक दुकानात गल्ल्यामागे लावली आहे आणि येणाऱ्या गाडीच्या बिल्टीला एक झेरॉक्स टाचतो. नव्या अंमलदाराला ती दाखवली की बोलणं तिथेच संपतं.